रबाळ्यातला एस५-११५यू: सेल संपत आलेला, सॉफ्टवेअर नाही

पार्श्वभूमी

रबाळे एमआयडीसीत प्लास्टिकचे कॅन बनवणारा एक कारखाना. २० आणि ३५ लिटरचे कॅन, गिऱ्हाईक बहुतेक केमिकलवाले आणि तेलवाले. चार ब्लो मोल्डिंग मशीन, तीन पाळ्या. चारांतलं सगळ्यात मोठं मशीन १९९१ मध्ये जर्मनीत बनलेलं आणि नंतर वापरलेलं म्हणून आयात केलेलं. हायड्रॉलिक पंप दोनदा बदलले, स्क्रू-बॅरल बदललं, हीटरच्या वायरी तर कितीदा बदलल्या याचा हिशोब नाही. कंट्रोल पॅनेलला मात्र कोणी हात लावला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

पॅनेलमध्ये सीमेन्सचा सिमॅटिक एस५-११५यू हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर, त्यात सीपीयू ९४२ आणि पीएस ९५१ पॉवर सप्लाय. एस५ मालिका १९७९ ची. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिची जागा एस७ ने घेतली. तरी नवी मुंबईच्या टीटीसी पट्ट्यात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एस५ वर चालणारी मशीनं अजून सापडतात, आणि त्यांचं दुखणं सहसा एकच असतं: पीएलसी ठणठणीत, पण त्याच्याशी बोलता येईल असं काहीही कारखान्यात नाही.

या कारखान्यातही एस५ चा प्रोग्राम वाचायचं-लिहायचं स्टेप ५ सॉफ्टवेअर नव्हतं, केबल नव्हती, प्रोग्रामची फाइल नव्हती. होतं ते इतकंच: इलेक्ट्रिकल ड्रॉइंगची जाड फाइल, त्यात जर्मन भाषेतला सुमारे १८० पानांचा छापील प्रोग्राम, आणि मागच्या कप्प्यात सव्वापाच इंची एक फ्लॉपी.

(कारखान्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

अडचण

मे महिन्यातला बुधवार. इलेक्ट्रिशियन मेंटेनन्स प्रमुखांना म्हणाला, "साहेब, मोठ्या मशीनच्या पॅनेलमध्ये पिवळा दिवा लागलाय. मशीन चालू आहे पण."

"कधीपासून?"

"रात्रपाळीवाले म्हणतात, होळीच्या आधीपासून."

पिवळा दिवा म्हणजे पॉवर सप्लायवरचा 'बॅट लो', आतला बॅकअप सेल संपत आल्याची खूण. त्याच दिवशी महावितरणच्या मान्सूनपूर्व देखभालीची सूचना आली होती: नऊ दिवसांनी, शुक्रवारी, सकाळपासून दुपारपर्यंत फीडर बंद.

दोन्ही गोष्टी जोडल्या की प्रश्न सरळ होता. प्रोग्राम रॅममध्ये असेल तर वीज गेल्यावर तो फक्त त्या सेलच्या जोरावर टिकतो. सेल मेला आणि वीज गेली की प्रोग्राम उडाला. मशीन जर्मनीतच बनलेलं, आणि ते बनवणाऱ्यांकडून ३० वर्षांपूर्वीची फाइल मिळेल या भरवशावर कोणी शटडाउन घेत नाही.

प्रोग्राम राहतो कुठे

सॉफ्टवेअरची शोधाशोध बुधवारीच सुरू झाली, आणि ती थोडी उलटी सुरू झाली. आधी विचारायचा प्रश्न होता: प्रोग्राम नेमका कशात आहे?

सीपीयू ९४२ मध्ये स्वतःची १० किलोबाइट रॅम असते. समोरच्या खाचेत एक मेमरी मॉड्यूल बसवता येतं. या सीपीयूच्या खाचेत मॉड्यूल होतं. ते बघून इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॉड्यूल आहे म्हणजे ईप्रॉम. प्रोग्राम कुठे जात नाही." बरेच जण असंच धरून चालतात, आणि इथेच फसतात. त्या खाचेत तीन प्रकारची मॉड्यूल बसतात आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. फरक ऑर्डर नंबरमध्ये असतो. ६ईएस५ ३७५-० नंतर एलए असेल तर ईप्रॉम, एलसी असेल तर ईईप्रॉम, एलडी असेल तर रॅम. ईप्रॉम आणि ईईप्रॉम विजेविना वर्षानुवर्षं टिकतात. एलडी मात्र सीपीयूच्या रॅमसारखंच त्याच सेलवर जगतं.

मॉड्यूलच्या तोंडावरची छपाई घासून गेली होती. ते ओढून बघायची कल्पना पुढे आली आणि लगेच बाद झाली. वीज चालू असताना मॉड्यूल काढायचं नसतं, आणि रॅमचं मॉड्यूल रॅकमधून सुटलं की त्याचा सेलशी संबंध तुटतो. ड्रॉइंगच्या फाइलमधल्या पार्ट लिस्टमध्ये नंबर सापडला: ०एलडी२१. म्हणजे १६ किलोबाइट रॅम. पण ३० वर्षांत कोणी बदललं नसेल कशावरून? मोबाइलचा टॉर्च लावून, मॉड्यूलच्या बाजूच्या फटीतून आठ-दहा फोटो काढले. त्यांतल्या एकात कडेच्या लेबलवर 'एलडी' स्पष्ट वाचता आलं.

गुरुवारी दुपारी हे नक्की झालं. सगळा प्रोग्राम रॅममध्ये, आणि सेल दोन-अडीच महिने 'लो'.

कोणते पर्याय होते

सीपीयू काढून पाठवणे. मुंबईतल्या एका जुन्या पार्टवाल्या व्यापाऱ्याने फोनवरच सुचवलं: सीपीयू आणि मॉड्यूल पाठवा, कॉपी करून परत देतो. प्रोग्राम ईप्रॉममध्ये असता तर यात काही अर्थ होता. रॅमच्या बाबतीत सीपीयू रॅकमधून निघाला त्या क्षणी कॉपी करायला काही उरत नाही. सांगणाऱ्याची नियत वाईट नव्हती, त्याने मॉड्यूलचा प्रकार विचारलाच नव्हता.

पेन ड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर. शेजारच्या गाळ्यातल्या एकाकडे स्टेप ५ ची 'चालणारी' कॉपी होती. विनापरवाना कॉपीचा कायदेशीर प्रश्न तर आहेच. शिवाय तिची आवृत्ती कोणती, तिच्यात काय बदललंय, सोबत कोणता व्हायरस आहे, हे सांगणारं कोणी नाही. ज्या प्रोग्रामची जगात एकच प्रत आहे, तिच्यावर असली कॉपी चालवून बघायची नाही असं ठरलं.

दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर विकत घेणे. जर्मनीत अजून एस५ साठी आजच्या विंडोजवर चालणारी पॅकेजं मिळतात: आयबीएचसॉफ्टेकचं 'एस५ फॉर विंडोज', एमएचजेचं 'विनएसपीएस-एस५', प्रोसेस-इन्फॉर्माटिकचं 'पीजी-२०००'. स्टेप ५ च्या फाइली ती उघडतात आणि पीएलसीशी थेट बोलतात. लांबच्या हिशोबाने हाच पर्याय बरा. अडचण वेळेची. खरेदीची मंजुरी, परदेशी पेमेंट, लायसन्स आणि केबल हे सगळं उरलेल्या दिवसांत होणं कठीण होतं.

परवानाधारक स्टेप ५ असलेल्या माणसाला बोलावणे. वागळे इस्टेटमधल्या एका सिस्टिम इंटिग्रेटरकडे अजून एस५ ची कामं होतात असं कळलं. दिवसाच्या दराने येऊन प्रोग्राम वाचून देणार.

नवीन पीएलसी. शेठना हा पर्याय आवडला होता: हे जुनं खेकटं काढून एस७-१२०० किंवा १५०० टाका. पण नवीन पीएलसीलाही जुना प्रोग्राम लागतोच. सीमेन्सच्या स्टेप ७ मध्ये एस५ ची फाइल बदलून घ्यायची सोय आहे, पण ती फाइल आधी हातात हवी. म्हणजे बदल करायचा असला तरी पहिलं पाऊल तेच.

यूपीएसचाही विचार झाला. शटडाउनभर फक्त पीएस ९५१ ला यूपीएसवरून २३० व्होल्ट दिले की सेलचा प्रश्नच मिटतो. पॅनेलमध्ये मात्र पॉवर सप्लायची वायर कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून, कॉन्टॅक्टर सर्किटसोबत एकत्र गेलेली. ती वेगळी करायची तर वीज बंद करावी लागणार, आणि वीज बंद करायची नाही म्हणून तर यूपीएस हवा.

सेल आधी की बॅकअप आधी

या प्रकरणातला सगळ्यात वादाचा निर्णय हा. एरवी नियम असा की आधी प्रोग्रामची प्रत घ्या, मग सेलला हात लावा. मेंटेनन्स प्रमुखांचा आग्रह तोच होता. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं उलटं: "प्रत घेणारा शनिवारी येणार. तोपर्यंत एक ट्रिप झाली तर?"

मे महिन्यात, वळवाच्या वाऱ्यात या पट्ट्यात वीज क्षणभर जाणं नवं नाही. जुन्या सेलची अवस्था माहीत नव्हती. तो पूर्ण मेला असेल तर आज रात्रीच्या एका झटक्यातही प्रोग्राम जाणारच होता, सेलला हात लावा की न लावा. उलट वीज चालू असताना सेल काढला तर रॅमला पॉवर सप्लायकडून वीज मिळत राहते. धोका फक्त सेल काढणं आणि नवा बसवणं यांच्या मधल्या मिनिट-दोन मिनिटांत वीज गेली तर. दोन मिनिटांचा धोका विरुद्ध दोन दिवसांचा. सेल आधी, असं ठरलं.

ती दोन मिनिटंही मोकळी सोडावी लागत नाहीत. पीएस ९५१ च्या तोंडावर बाहेरून बॅकअप व्होल्टेज द्यायला दोन छोटी सॉकेट असतात, ३.४ ते ९ व्होल्ट डीसीसाठी. सेल बदलायच्या कामासाठीच ती दिलेली आहेत, पण ती नेमकी कशासाठी आहेत हे पॅनेल उघडणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. तीन पेन्सिल सेलचा होल्डर घेतला. नवे अल्कलाइन सेल, मीटरवर ४.८ व्होल्ट. वायरींच्या टोकांना सॉकेटमध्ये घट्ट बसतील अशा पिना लावल्या. लावायच्या आधी पोलॅरिटी सॉकेटजवळच्या खुणेशी दोनदा जुळवून पाहिली, आणि दोन्ही पिनांवर आवरण चढवलं, नाहीतर एकमेकींना टेकल्या की होल्डर शॉर्ट.

नवीन सेल आणतानाही एक घोळ होता होता राहिला. पीएस ९५१ चा सेल सी साइजचा, म्हणजे टॉर्चमध्ये घालतात त्या मध्यम सेलएवढा. स्टोअरच्या माणसाने आधी टॉर्चचाच सेल आणून ठेवला होता. तो कप्प्यात व्यवस्थित बसतो, पण देतो १.५ व्होल्ट. इथे लिथियमचा, साधारण ३.६ व्होल्टचा सेल लागतो. सीमेन्सचा मूळ नंबर ६ईडब्ल्यू१०००-७एए. लॅमिंग्टन रोडवर त्याच मापाचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल ईआर२६५०० या नावाने मिळतो. घेताना बनवल्याची तारीख बघायची. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला सेल नवा नसतो.

लिथियम सेलची आणखी एक खोड. बराच काळ लोडशिवाय पडून राहिला की आत इलेक्ट्रोडवर एक थर जमतो, आणि सुरुवातीला व्होल्टेज दबतं. म्हणून बसवण्याआधी त्याला दोन तास १०० ओहमचा रेझिस्टर लावून ठेवला. सुमारे ३६ मिलीअँपिअरचा प्रवाह, पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो. दोन तासांनी लोडवरच ३.६ च्या जवळ व्होल्टेज मिळालं.

शुक्रवारी सकाळी, पाळी बदलताना, मशीन थांबवून पण पॅनेलची वीज चालू ठेवून काम झालं. होल्डर लावला, जुना सेल काढला, नवा बसवला, रिसेटचं बटण दाबलं, पिवळा दिवा विझला, होल्डर काढला. चार मिनिटं. जुना सेल बाहेर मीटरवर २.७ व्होल्ट दाखवत होता. तोच १०० ओहमचा रेझिस्टर लावल्यावर २ च्या खाली आला. शटडाउनभर त्याने तग धरला नसता असं म्हणायला हरकत नाही.

केबलमुळे वाया गेलेला शनिवार

इंटिग्रेटरचा माणूस शनिवारी आला. सोबत विंडोज १० चा लॅपटॉप, त्यात व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी आणि परवान्याचं स्टेप ५, एक यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि एस५ ची केबल. सीपीयूच्या १५ पिनांच्या पोर्टला केबल लावली. संपर्क नाही. पोर्ट नंबर बदलून पाहिला, कन्व्हर्टर बदलून पाहिला. नाहीच.

संशय आधी यूएसबी कन्व्हर्टरवर गेला, आणि तो चुकीचा नव्हता. स्टेप ५ जुन्या काळचं, त्याला खरा कॉम पोर्ट (कॉम्प्युटरचा जुना सिरियल पोर्ट) आवडतो. एस५ शी बोलायच्या एएस५११ प्रोटोकॉलमध्ये दोन्ही बाजू सतत एकमेकींना 'मिळालं' असं कळवत असतात. मध्ये यूएसबी आणि व्हर्च्युअल मशीन आली की उत्तर उशिरा पोचतं आणि संपर्क तुटतो. कारखान्यात खरा कॉम पोर्ट असलेला एकच कॉम्प्युटर होता, गेटवरच्या वजनकाट्याचा. तो तासाभरासाठी पॅनेलपाशी आणला. बाहेर दोन ट्रक काट्यासाठी थांबलेले. तिथेही संपर्क नाही.

मग केबलवरचा नंबर नीट वाचला गेला: ६ईएस५ ७३४-२बीडी२०.

एस५ च्या प्रोग्रामिंग पोर्टवर आरएस-२३२ नसतं, २० मिलीअँपिअर करंट लूप असतं, ज्याला टीटीवाय म्हणतात. सीमेन्सच्या जुन्या पीजी मशीनवर (पीएलसीचा प्रोग्राम लिहायचे-वाचायचे खास कॉम्प्युटर) टीटीवायचा पोर्ट आतच असे, आणि त्यांच्यासाठी सरळ केबल म्हणजे २बीडी२०. साध्या कॉम्प्युटरच्या कॉम पोर्टला लागते ती ७३४-१बीडी२०. तिच्यात आरएस-२३२ चं टीटीवाय करणारं सर्किट असतं. दोन्ही केबलना एका टोकाला १५ पिना, दुसऱ्या टोकाला २५, रंगरूपही जवळपास सारखं. नंबरातला एक आकडा चुकला आणि अर्धा दिवस गेला.

आणखी एक गल्लत नेहमी होते, ती फोनवरच टळली होती. 'सीमेन्सचा जुना पीएलसी' एवढंच सांगितलं की लोक एस७-३०० चा एमपीआय अॅडॉप्टर घेऊन येतात. एमपीआय म्हणजे आरएस-४८५, ९ पिनांचा पोर्ट. एस५ शी त्याचा काही संबंध नाही. इथे सीपीयूचा फोटो आधीच पाठवलेला होता. केबलचा फोटो मात्र कोणी मागवला नाही.

वाचन

सोमवारी तोच माणूस जुना पीजी ७४० घेऊन आला. अंगचा टीटीवाय पोर्ट, त्यामुळे २बीडी२० च योग्य. बॅटरी मेलेली, फक्त अॅडॉप्टरवर चालणारा, घड्याळ १९८० दाखवणारा. त्यामुळे फाइलींच्या तारखांवर भरवसा नव्हता, कोणती फाइल कधी वाचली ते वहीत लिहिलं.

वाचण्यासाठी सीपीयू थांबवावा लागत नाही. तरी हायड्रॉलिक पंप बंद, मोल्ड उघडा, मशीन मॅन्युअलवर, अशी सुरुवात केली. पीजीशी बोलताना सीपीयूचं स्कॅन, म्हणजे प्रोग्राम एकदा पूर्ण चालवायची फेरी, थोडं लांबतं. ९४२ मध्ये स्कॅनवर पहारा ठेवणारी वेळ मूळची ५०० मिलीसेकंद असते. एवढ्या प्रोग्रामला ती भरपूर, पण पहिल्यांदा जोडताना मशीन चालतं ठेवायचं कारण नव्हतं.

धोक्याची जागा एकच, ती म्हणजे दिशा. पडद्यावर पीएलसीकडून फाइलकडे आणि फाइलकडून पीएलसीकडे असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात. रिकामी फाइल उलट्या दिशेने गेली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून एकाने वाचून दाखवायचं, दुसऱ्याने हो म्हटल्यावरच एंटर दाबायचं. फाइलच्या नावात पहिली सहा अक्षरं आपली, पुढे स्टेप ५ स्वतः एसटी.एस५डी जोडतं.

आधी सीपीयूमधल्या ब्लॉकांची (प्रोग्रामच्या तुकड्यांची) यादी काढून पडद्याचा फोटो घेतला, मग सगळे ब्लॉक वाचले. एफबी (फंक्शन ब्लॉक) २४० ते २४३, एफबी २५० आणि २५१ हे सीपीयूमध्ये कारखान्यातूनच भरलेले असतात. आकड्यांचं रूपांतर, गुणाकार-भागाकार, अॅनालॉग वाचणं-लिहिणं यांसाठीचे. ते वाचून फाइलमध्ये येत नाहीत, आणि तेवढ्यावरून वाचन फसलं असं समजायचं नाही.

सगळं पुन्हा एकदा वेगळ्या नावाने वाचलं आणि दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. फक्त एका डेटा ब्लॉकमध्ये फरक आला. त्यात पॅरिसनच्या (फुगवण्याआधीच्या वितळलेल्या प्लास्टिकच्या नळीच्या) जाडीचे चालू आकडे होते, ते बदलतच असतात. बाकी अक्षर न् अक्षर सारखं. फाइली साडेतीन इंची फ्लॉपीवर बाहेर काढल्या, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आणि तिथून आणखी दोन ठिकाणी.

हाती आलेल्या प्रोग्राममध्ये एकही शेरा नव्हता. सिग्नलची नावं आणि शेरे एस५ च्या पीएलसीमध्ये कधी राहतच नाहीत, ते फक्त प्रोग्रामरच्या डिस्कवर असतात. म्हणून ती १८० पानांची जर्मन छपाई खरी दौलत ठरली. सव्वापाच इंची फ्लॉपीवर मूळ फाइली असण्याची शक्यता होती. पण चकतीवर पांढरे बुरशीचे ठिपके दिसत होते, आणि त्या पिढीच्या पीजी ६८५ सारख्या मशीन डॉसवर नव्हे तर सीपी/एमवर चालत, त्यांची फ्लॉपी साधा डॉसचा कॉम्प्युटर वाचत नाही. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेडही खराब होतं. ती तशीच पाकिटात ठेवली.

मंगळवारी छपाई आणि वाचलेला प्रोग्राम ओळीओळीने ताडून पाहिला. इथे जर्मन संक्षेपांचा एक सापळा आहे. जर्मनमध्ये 'यू' म्हणजे अँड, 'ई' म्हणजे इनपुट, 'ए' म्हणजे आउटपुट. इंग्रजी पद्धतीत मात्र 'ए' म्हणजे अँड. एकाच अक्षराचे दोन अर्थ. पीजीची भाषा जर्मनवर ठेवली नाही तर छपाईशी तुलना करताना डोकं फिरतं.

पीबी १४ या प्रोग्राम ब्लॉकमध्ये फरक सापडला. छपाईत मुख्य पंपाच्या ओळींत 'यू ई ५.३' होतं. मशीनमध्ये त्या जागी 'एनओपी ०', म्हणजे काहीच न करणारी ओळ. ब्लॉकची लांबी तीच, त्यामुळे नुसत्या यादीवरून हे कधी कळलं नसतं. ड्रॉइंगमध्ये ई ५.३ म्हणजे रिटर्न लाइनच्या फिल्टरचा चोक स्विच. कधीतरी, कोणीतरी, तुंबलेला फिल्टर पंप बंद करतो म्हणून तो प्रोग्राममधूनच काढून टाकला होता. पंप दोनदा का बदलावे लागले याचं निदान एक कारण इथे दिसतं.

निष्पत्ती

शुक्रवारचं शटडाउन पार पडलं. वीज आल्यावर पिवळा दिवा नाही, सीपीयू रनमध्ये, रेसिपीचे आकडे आणि शॉटचा काउंटर जागच्या जागी. मशीन मात्र लगेच चाललं नाही. बंदच्या काळात पॅनेल हवेने साफ करताना एका इनपुट कार्डाची वायर सैल झाली होती. ती सापडायला पाऊण तास गेला.

जून-जुलैत दुसऱ्या कंपनीचं एक पॅकेज आणि त्याच्यासोबतची यूएसबी केबल विकत घेतली. इनपुट-आउटपुटची नावं छपाईवरून मराठीत टाइप करायचं काम दोन अॅप्रेंटिसना दिलं. त्यांच्या यादीत ई ५.३ समोर 'फिल्टर चोक (प्रोग्राममध्ये नाही)' असं लिहिलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

प्रोग्राम रॅममध्ये आहे हे नक्की व्हायला गुरुवार उजाडला. पार्ट लिस्टमधला एलडी बुधवारीच बघितला असता तर सेल त्याच दिवशी मागवता आला असता, आणि दोन रात्री नशिबावर गेल्या नसत्या. पिवळ्या दिव्याचे अडीच महिने तर निव्वळ वाया गेलेले. चेकलिस्टमध्ये तेलाची पातळी होती, हवेचं प्रेशर होतं, पीएलसीचा दिवा नव्हता.

सेल आधी की बॅकअप आधी, यावर या निर्णयाचा दाखला सरसकट लावू नये. दिवा नुकताच लागला असता, बाहेर शांत हवा असती आणि पीजीवाला दुसऱ्या दिवशी येणार असता, तर आधी बॅकअप घेणंच बरोबर ठरलं असतं. बाहेरचा होल्डर हातात नसता तरीही हिशोब बदलला असता.

इंटिग्रेटरला फोन करताना चार गोष्टी आधीच विचारायला हव्या होत्या: केबलचा पूर्ण नंबर, लॅपटॉपला खरा कॉम पोर्ट आहे का, स्टेप ५ ची आवृत्ती, आणि फाइल बाहेर कशी काढणार. पीजी ७४० वर फ्लॉपीशिवाय दुसरी वाट नाही हे कोणी आधी लक्षात घेतलं नव्हतं. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इंटिग्रेटरच्याच बॅगेत निघाला, म्हणून बरं.

ईप्रॉमचा प्रश्नही चर्चेला आला होता. पीजी ७४० ला एस५ ची मॉड्यूल भरायची खाच असते, आणि एलए२१ ईप्रॉममध्ये १६ किलोबाइट बसतात. शटडाउनमध्येच रॅमचं मॉड्यूल काढून ईप्रॉम टाकावं असं इंटिग्रेटरचं मत होतं, वीज बंदच आहे म्हणून. मेंटेनन्स प्रमुखांनी नकार दिला. हातात नुकतीच आलेली प्रत कधी परत भरून पाहिलेली नव्हती, आणि चालू असलेली एकमेव प्रत त्याच दिवशी काढायची नव्हती. ईप्रॉम दिवाळीच्या बंदमध्ये टाकलं, रॅमचं मॉड्यूल पाकिटात जपून ठेवून. तरी सेल लागतोच, कारण बदलत राहणारे रेसिपीचे आकडे रॅममध्येच राहतात. पॅनेलच्या दाराला आता लाल पट्टी आहे: 'सेल दर दोन वर्षांनी, वीज चालू असतानाच बदला', आणि खाली शेवटच्या बदलाची तारीख.

फिल्टरचा नवा स्विच आला आहे, वायर टर्मिनलपर्यंत ओढली आहे. ती एक ओळ पीबी १४ मध्ये परत घालायची तर मशीन दोन तास मॅन्युअलवर चालवून बघावं लागेल. ३५ लिटरची ऑर्डर निघेपर्यंत प्रॉडक्शनवाले मशीन सोडायला तयार नाहीत.